आकाशावर चिकटवलेलं लेबल

महाशिवरात्र आठवड्यावर आली की बदलापूर-अंबरनाथकडच्या मोबाइलांवर एक मजकूर न चुकता फिरायला लागतो. वर मंदिराचा फोटो, खाली जोडलेले दोन हात आणि मध्ये विज्ञान. गोऱ्यांना ईथर कळलं एकोणिसाव्या शतकात, आपल्या ऋषींना ते हजारो वर्षं आधी ठाऊक होतं. ईथर म्हणजेच पंचमहाभूतांतलं आकाश. अंबर म्हणजे आकाश, तेव्हा अंबरनाथ म्हणजे ईथरचा नाथ. गाभाऱ्याला वर छत नाही ते उगाच नाही. शिवाय हे टेस्लाने मानलं, आइनस्टाइनने मानलं, आणि मूळ शब्दच संस्कृत आहे. एवढं सगळं सहा ओळींत.

यंदा हा मजकूर मला प्रत्यक्ष ऐकावा लागला. सकाळची बदलापूर लोकल, डब्याच्या दुसऱ्या टोकाला भजनी मंडळाच्या टाळांचा आवाज, आणि समोर आमच्या सोसायटीतले एक काका.

"काय हो, तुम्ही तर केमिकलवाले. ईथर म्हणजे आकाशच ना?"

"काका, मी तीस वर्षं ईथरचे ड्रम मोजून घेतले. आकाश असतं तर चलन कशाचं फाडलं असतं?"

"ते ईथर वेगळं हो!"

"वेगळं आहे ना? मग एकच कसं?"

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. उल्हासनगर आलं होतं. मग मान न वळवता म्हणाले, "तुम्हा लोकांना आपलं काही चांगलं म्हणवतच नाही."

हे वाक्य मला लागलं. या सगळ्या प्रकरणात आपल्या चांगल्या गोष्टीची जी काही विटंबना झाली आहे, ती माझ्याकडून झालेली नाही. वैशेषिक दर्शन मांडणाऱ्या कणाद ऋषीच्या आकाशाला ईथर म्हणणारा माणूस कणादाचा गौरव करत नाही. तो एका परक्या, टाकून दिलेल्या मालाचं लेबल त्याच्यावर चिकटवतो. आमच्या शेजारच्या उल्हासनगरात 'मेड इन यूएसए' छापायचे आणि विचारलं तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा खुलासा करायचे, हा विनोद सगळ्यांना माहीत आहे. निदान त्या लेबलाखाली माल आपला होता आणि तो विकला जात होता. इथे आपण चालत्या मालावर बंद पडलेल्या कंपनीचं नाव छापतो आहोत, आणि वर अभिमान बाळगतो आहोत.

आधी शब्दाचं बघू. ईथर हा ग्रीक 'ऐथेर'. ग्रीकांच्या बोलण्यात हवा दोन प्रकारची. खालची, आपण श्वासात घेतो ती जाड, धुकट हवा म्हणजे 'आएर', आणि तिच्यावरची लखलखीत, देव जिच्यात राहतात ती 'ऐथेर'. शब्दाचं मूळ 'ऐथो' हे क्रियापद, अर्थ जळणं, पेटणं. अ‍ॅनाक्सागोरस नावाच्या तत्त्वज्ञाने म्हणून ऐथेर हा शब्द आगीसाठी वापरला, आणि त्यावर अ‍ॅरिस्टॉटल त्याला रागावला. का? तर अ‍ॅरिस्टॉटलच्या मते ऐथेर म्हणजे 'आएइ थेइन', सतत धावणारं. ताऱ्यांना अखंड गोल फिरवणारं पाचवं तत्त्व त्याला हवं होतं, म्हणून त्याने व्युत्पत्तीही तशी काढली. ती चुकीची होती. ज्याला तो चुकलास म्हणाला, तोच मुळाच्या जास्त जवळ होता. कानाला जुळतंय म्हणून व्युत्पत्ती ठोकून देण्याची खोड आपल्या सोसायटीची नाही, थेट अ‍ॅरिस्टॉटलपासूनची आहे. काकांनी वाईट वाटून घेऊ नये.

'मूळ शब्द संस्कृत' म्हणणाऱ्यांना मी इथेच थांबवतो, कारण पुढची गंमत त्यांना ठाऊकच नाही. या ग्रीक शब्दाचा संस्कृतात सख्खा चुलतभाऊ आहे. ग्रीकातला 'थ' आणि संस्कृतातला 'ध' हे जोडीने येतात: आपला मधु तो त्यांचा 'मेथु', आपला धूम तो त्यांचा 'थुमोस'. त्याच हिशेबाने 'ऐथ'चा भाऊ 'एध', आणि धातू 'इन्ध्', पेटवणं. त्यातून इध्म, समिधा आणि आपलं रोजचं इंधन. माझी आजी सरपणाला इंधण म्हणायची. चुलीपुढे बसून, फुंकणीने डोळे लाल करून ती जो शब्द वापरत होती, तो ईथरचा रक्ताचा नातेवाईक. आणि आकाश? त्याचा धातू 'काश्', म्हणजे दिसणं, उजळणं. त्याचे भाऊ प्रकाश आणि काशी. दोन्ही शब्दांत उजेड आहे, इतकं मी द्यायला तयार आहे. पण घराणी वेगळी आहेत. ज्याला संस्कृतातला ईथर शोधायचा आहे त्याने मान वर करू नये, चुलीत बघावं.

यावर लगेच उत्तर येतं: "म्हणजे शेवटी आलंच ना संस्कृतातून!" नाही आलं. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे. दोघांचा आजा एकच आणि तो ना ग्रीक बोलत होता ना संस्कृत. आपल्या चुलतभावाने दुकान काढलं म्हणून ते आपल्या बापाने काढलं असं आपण सांगत फिरतो का? खरं तर काही घरांत फिरतात, पण त्याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आता कणाद. नऊ द्रव्यं त्याच्या यादीत: पृथ्वी, जल, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा, मन. ही यादी नीट वाचली तरी निम्मा मजकूर कोसळतो. पोकळी, अंतर, इकडे-तिकडे हे सांभाळायला आकाश नाही, त्यासाठी स्वतंत्र दिक् आहे. मग आकाशाचं काम काय? शब्द. ध्वनी हा गुण आहे, गुणाला आश्रय लागतो, आणि एकेक द्रव्य घेऊन तपासलं तर ध्वनी ना पृथ्वीचा गुण ठरतो, ना पाण्याचा, ना तेजाचा, ना वायूचा, ना मनाचा. बाकीचे सगळे बाद झाल्यावर जो उरला तो आकाश. याला परिशेषानुमान म्हणतात. पुढे याच परंपरेत असंही सांगितलं गेलं की कान हे इंद्रिय म्हणजे दुसरंतिसरं काही नसून कानाच्या पोकळीत सापडलेलं आकाशच. मला ही कल्पना फार आवडते. ती आज भौतिकशास्त्र म्हणून टिकत नाही, ध्वनी हवेतून येतो हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण ती एका शिस्तीने विचार करणाऱ्या डोक्याची आहे, आणि चार्वाकांनी तर आकाश मानलंच नाही, चार भूतांवर भागवलं. म्हणजे आपल्याकडे यावर भांडण होतं. मजकूर लिहिणाऱ्याने ते भांडण पुसून टाकलं आणि सगळ्या ऋषींना एका रांगेत उभं करून ईथरचा जयजयकार करायला लावला.

आणि एकोणिसाव्या शतकातलं ईथर कशासाठी होतं? उजेडासाठी. प्रकाश ही लाट आहे असं ठरलं तेव्हा प्रश्न आला, लाट कशात? समुद्राच्या लाटेला पाणी लागतं, तसं प्रकाशाच्या लाटेला काहीतरी हवं. त्या काहीतरीचं नाव ईथर. प्रकाश ज्या वेगाने धावतो त्यासाठी ते पोलादाहून ताठ हवं आणि ग्रह त्यातून न अडखळता फिरतात म्हणून ते हवेहून विरळही हवं, अशी त्याची पंचाईत होती. आपल्या न्याय-वैशेषिकांना ही पंचाईत कधी पडलीच नाही. त्यांच्या मते तेज परमाणूंचं, आणि डोळ्यातून किरण निघून वस्तूपर्यंत पोचतात तेव्हा दिसतं. लाटांची उपमा त्यांनी दिली, वीचीतरंगन्याय, पण ती ध्वनीला दिली. तेव्हा जुळतंय काय? एकाचं आकाश आवाजासाठी, दुसऱ्याचं ईथर उजेडासाठी. एकाकडे उजेड कणांचा, दुसऱ्याकडे लाटांचा. कानाचं द्रव्य उचलून डोळ्याला लावायचं आणि म्हणायचं, बघा, आमच्याकडे आधीच होतं!

समजा, तरीही हट्टच आहे. आकाश म्हणजे ईथरच, एका अक्षराचाही फरक नाही. मग पुढचं पान वाचायची तयारी ठेवा. 1887 साली क्लीव्हलंडमध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी दगडाची मोठी लादी पाऱ्यावर तरंगत ठेवली, तिच्यावर आरसे बसवले, आणि ईथरमधून पृथ्वी जाताना जो वारा लागायला हवा तो शोधला. लागला नाही. (यातला मॉर्ली हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. केमिकलवाल्यांना कमी लेखणाऱ्यांसाठी हे कंसात.) 1905 मध्ये आइनस्टाइनने लिहिलं की ईथरची गरजच उरत नाही. म्हणजे तुमचं समीकरण मान्य केलं, तर आपल्या ऋषींचं आकाश क्लीव्हलंडच्या एका तळघरात निकालात निघालं. हेच सिद्ध करायचं होतं का? कणादाला आधुनिक ठरवण्याच्या नादात त्याला चुकीचं ठरवणारा पुरावा आपणच हाताने नेऊन देतो आहोत, आणि तोही महाशिवरात्रीच्या मुहूर्तावर.

आइनस्टाइनने मानलं म्हणतात ते 1920 सालच्या लायडनच्या व्याख्यानावरून. तिथे तो म्हणाला खरं, की सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतातल्या अवकाशाला भौतिक गुण आहेत, त्या अर्थी हवं तर ईथर म्हणा. पण लगेच अट घातली की या ईथरला गती हा शब्द लागू करता येणार नाही आणि त्याचे सुटे भाग मानता येणार नाहीत. अर्धं वाक्य घेऊन उरलेलं अर्धं लोकलमधून खाली टाकायचं ही आपली जुनी हातोटी. टेस्लाचं तर त्याहून थोडकं आहे. 1896 मध्ये विवेकानंदांनी पत्रात लिहिलं की प्राण आणि आकाश यांचं गणित मांडता येईल असं टेस्लांना वाटतं. वाटतं. ते गणित कधी आलं नाही. कुणाला काही वाटणं आणि त्याने ते मानून दाखवणं यात जो फरक आहे तो बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना मी सांगावा का? कर्जदाराला पुढच्या महिन्यात पैसे येतील असं वाटतं म्हणून त्यांनी कधी खातं बंद केलं होतं का?

मग हे लेबल चिकटवलं कुणी? आपण नाही. इंग्रज पंडितांना आकाशासाठी एक शब्द हवा होता, त्यांच्या वेळी ईथर बाजारात जोरात होतं, त्यांनी ते वापरलं. मोनिअर-विल्यम्सचा संस्कृत-इंग्रजी कोश उघडा, आकाशापुढे ईथर छापलेलं आहे. थिऑसफीवाल्यांनी त्याला आणखी धूप दाखवला. ती भाषांतरकाराची सोय होती, जशी पुरणपोळीला 'स्वीट ब्रेड' म्हणणाऱ्याची सोय असते. आपण ते भाषांतर उलटं फिरवून मायदेशी आणलं आणि पुरावा म्हणून मांडलं: बघा, गोरेसुद्धा आकाशाला ईथर म्हणतात! गोरे म्हणत होते कारण त्यांना दुसरा शब्द सुचला नव्हता. उद्या एखादा कोशकार पुरणपोळीपुढे पिझ्झा लिहील, मग इटलीवर आपला हक्क सांगायचा का?

आता मंदिर. शके 982 म्हणजे 1060 सालचा लेख तिथे आहे, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला. त्या दगडांवर काय काय कोरलंय ते बघायला एक दिवस पुरत नाही. पण मजकुराला त्यातलं काही नको, त्याला फक्त छत नसणं हवं. गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतराव्या लागतात. आकाशाची उपासना करायची तर जमिनीच्या पोटात कशाला शिरायचं, हे त्या मजकुरात कुठेच नाही. पंचभूतांची पाच लिंगं दक्षिणेत ठरलेली आहेत आणि त्यांतलं आकाशलिंग चिदंबरमला आहे. परंपरेनेच ती जागा वाटून दिली आहे, आता आमच्या कल्याणच्या पुढच्या स्टेशनांनी तिच्यावर बोर्ड लावायची गरज नाही. आणि अंबर म्हणजे फक्त आकाश हे तरी कुणी सांगितलं? पीतांबर नेसतात. दिगंबर नेसत नाहीत. अंबर म्हणजे कापडही. त्या न्यायाने अंबरनाथ हा कापडाचा नाथ, आणि त्याचे खरे भक्त म्हणजे उल्हासनगरच्या गजानन मार्केटातले आणि जपानी बाजारातले व्यापारी. ही व्युत्पत्ती तुमच्या व्युत्पत्तीइतकीच पक्की आहे. पाठवू का सोसायटीच्या ग्रुपवर?

"असू दे हो, नावात काय आहे?" हा शेवटचा पवित्रा. कुणी हरायला लागलं की हे वाक्य येतं, आणि मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा. नावात काय आहे ते आम्हाला विचारा.

आमच्या ईथरचं नावसुद्धा उसनंच. गंधकाम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून ते करण्याची रीत व्हालेरिउस कोर्डुस याने 1540 मध्ये सांगितली आणि त्याला गोड तेल म्हटलं. पुढे 1730 च्या सुमारास फ्रोबेनिउसने ईथर नाव दिलं, कारण उघडं ठेवलं की ते जणू देवांच्या हवेत निघून जायचं. दीडशे वर्षं त्याला 'सल्फ्युरिक ईथर' म्हणत होते आणि त्यात गंधकाचा कण नव्हता. 1846 च्या ऑक्टोबरात बोस्टनमध्ये मॉर्टनने त्याच्यावर रोग्याला झोपवलं आणि सर्जनने मानेवरची गाठ काढली, तेव्हा पेटंटसाठी मॉर्टनने त्यात रंग घातला, नाव ठेवलं 'लेथिऑन'. डॉक्टरांनी हुंगलं आणि ओळखलं. त्याच्याही आधी, 1834 मध्ये, लीबिगने ईथर आणि ग्रीक 'हुले', म्हणजे लाकूड, यांची सांधेजोड करून 'एथिल' शब्द केला. जळणं अधिक लाकूड. समिधाच की! एथिलपासून एथिलीन, त्यापासून पॉलिथिन. सकाळी दुधाची पिशवी कापता तेव्हा तुमच्या हातात या शब्दाचा एक तुकडा असतो. या घराण्याचा अभिमानच बाळगायचा तर इथे बाळगायला जागा आहे, पण त्यासाठी वर नव्हे, कचऱ्याच्या डब्यात बघावं लागेल.

आणि ही वस्तू देवांच्या हवेसारखी मुळीच वागत नाही. 34.6 अंशांना उकळते. मे महिन्यात बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ड्रम सावलीत ठेवून, झाकण अर्धा आटा फिरवून थांबायचं. फुस्स करून आवाज येतो, गोडसर उग्र वास नाकात चढतो. थेंबभर तळहातावर पडलं तर हात बर्फाला लावल्यासारखा गार पडतो आणि थेंब नाहीसा. पण नाहीसा कुठे होतो? वाफ हवेच्या अडीचपट जड. ती वर जात नाही, फरशीवर उतरते, सरपटत जाते, आणि पलीकडे कुठे ठिणगी असली की तिथून आग घेऊन परत येते. म्हणून ड्रमला हात लावायच्या आधी अर्थिंगची क्लिप. आकाशतत्त्वाला आधी पृथ्वीशी बांधायचं, मग पंप चालू करायचा. जुना साठा असेल तर त्यात पेरॉक्साइड धरतात, ते हललं तरी फुटू शकतं.

एकदा आमच्याकडे नव्या पोराला सांगितलं, ईथर आण. त्याने आणला पेट ईथरचा ड्रम. पेट ईथर म्हणजे पेट्रोलियम ईथर, आणि ते ईथरच नाही. पेट्रोलच्या घराण्यातलं, पेंटेन-हेक्सेनचं मिश्रण आहे, नाव तेवढं ईथर. ओतल्याबरोबर विरघळायचा माल गोळे होऊन तळाशी बसला. रात्रपाळीची अख्खी बॅच गेली. चूक पोराची नव्हती, नाव सांगणाऱ्याची होती, म्हणजे माझी. त्या दिवसापासून मी ड्रमवरचं लेबल मोठ्याने वाचल्याशिवाय झाकण उघडलं नाही आणि कुणाला उघडू दिलं नाही. एकाच नावाचे दोन ड्रम एकच समजले तर काय होतं ते मी बघितलं आहे. तुम्ही दोन तत्त्वज्ञानं एकाच भांड्यात ओतता आणि म्हणता नावात काय आहे?

संगणकाच्या तारांना 1973 मध्ये मेटकाफने इथरनेट म्हटलं, तेव्हा ते जुनं ईथर मेलं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. रिकामं झालेलं नाव त्याने उघडपणे उचललं. ऋषींना मध्ये घातलं नाही. आपली आकाशवाणीसुद्धा तशीच, एका नव्या यंत्राला दिलेलं जुनं सुंदर नाव. पुराणात रेडिओ होता असं सिद्ध करायला ते ठेवलं नव्हतं. उसनं घेतलेलं नाव उसनं म्हणून वापरणाऱ्याशी माझं भांडण नाही.

काकांना मी त्या दिवशी एवढंच म्हटलं की महाशिवरात्रीला मंदिरात जाऊ, पण आधी वालधुनीच्या पुलावर पाच मिनिटं थांबू. नदी मंदिराला लागूनच वाहते. मग उल्हासनगरात शिरते, जिथे 2014 साली टँकरमधून तिच्यात काहीतरी ओतलं गेलं आणि काठच्या कित्येकांना श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं. पुलावर उभं राहिलं की आजही कधी गोडसर, कधी कुजका, कधी डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तीस वर्षं नाक याच कामात गेल्यामुळे मला त्यातले काही ओळखू येतात, काही येत नाहीत.

महाशिवरात्रीला त्या पुलावर थांबलो, तेव्हा काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हवाच खराब झालीये."

हवा नाही, काका. गंध हा हवेचा गुण नाही आणि आकाशाचा तर नाहीच. कणादाच्या हिशेबात गंध फक्त पृथ्वीचा. वाऱ्याला वास आला तर त्यात पृथ्वीचे कण मिसळलेत असं समजायचं. म्हणजे हे वरून आलेलं नाही. हे इथूनच, कुणाच्या तरी ड्रममधून आलं आहे, आणि त्या ड्रमवर लेबल होतं.